ट्रॅक्टरचा कार्बोरेटर बोटीला चालेल का? एका जुन्या ‘ॲटॉमिक फोर’ इंजिनाचं प्रकरण

बोट १९६४ ची पीअर्सन ट्रायटन, साडेअठ्ठावीस फुटी, फायबरग्लासची, शिडाची. आराखडा कार्ल ॲलबर्ग यांचा, बांधणी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल गावची. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि १९६७ पर्यंत अशा सुमारे सातशे बोटी पाण्यात उतरल्या. त्यातल्या बऱ्याच अजून तरंगतायत, कारण तेव्हा फायबरग्लास नवीन होतं आणि बांधणाऱ्यांनी ते हात राखून वापरलं नाही. आपली ही बोट चेसापीक उपसागरात, ॲनापोलिसजवळच्या एका खाडीत असते. मालक मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे, आता निवृत्त. मी त्यांना काका म्हणतो.

इंजिन ‘ॲटॉमिक फोर’. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या युनिव्हर्सल मोटर कंपनीचं. चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ६४.४६ घनइंच म्हणजे साधारण १,०५६ सीसी, मिनिटाला ३,५०० फेऱ्यांना ३० अश्वशक्ती. १९४७ ते १९८४ या काळात अशी चाळीस हजारांहून जास्त इंजिनं बनली. साधं, दणकट, हाताला येणारं इंजिन आहे. डिझेल बसवून टाका असा सल्ला काकांना प्रत्येक धक्क्यावर मिळतो आणि ते तो प्रत्येक वेळी शांतपणे नाकारतात. माझ्या मते ते बरोबर करतात, पण एका अटीवर. पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात ठेवायचं तर त्याच्या प्रत्येक सुट्या भागाची निवड बोटीच्या हिशेबाने व्हायला हवी, गाडीच्या किंवा शेतीच्या नव्हे.

तक्रारी दोन होत्या. इंजिन १,५०० फेऱ्यांपर्यंत छान चालायचं. त्यापुढे लिव्हर ढकलला की मिसिंग मारायचं, दम सोडायचं. दुसरी तक्रार काकांनी जाता जाता सांगितली: बोट बंद करून परत येऊन झाकण उघडलं की केबिनमध्ये थोडा पेट्रोलचा वास येतो. त्यांचं निदानही तयार होतं. “कार्बोरेटर गेलाय रे. नवीन शोधून ठेवलाय मी. ट्रॅक्टरचे पार्ट विकणाऱ्याकडे आहे, सेम झेनिथ, बोल्टची भोकंसुद्धा तीच. आणि बोटवाल्यांच्या निम्म्या किमतीत!” (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि झेनिथ हे तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव.)

मी म्हटलं, “काका, मिसिंग राहू दे. आधी वास बघू.”

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वास इतका का महत्त्वाचा हे लगेच जाणवणार नाही, कारण आपल्या किनाऱ्यावरचे ट्रॉलर डिझेलवर चालतात, आणि छोट्या होड्यांना मागे टांगलेलं आउटबोर्ड असतं, उघड्या हवेत. इथे मात्र इंजिन बंद खोलीत आहे आणि त्या खोलीचा तळ म्हणजे बिल्ज, बोटीचं पाणी जिथे साठतं तो खोलगट भाग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. गाडीखाली गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं आणि वाऱ्याने उडून जातं. बोटीतलं पेट्रोल कुठेच जात नाही, वाफ होऊन तळाशी बसून राहतं. हवेत ही वाफ १.४ टक्क्यांच्या आसपास झाली की ठिणगीने पेट घेते. एक घनमीटर जागा धरली तर १.४ टक्के म्हणजे १४ लिटर वाफ, आणि तेवढी वाफ व्हायला अर्ध्या कपाहून कमी पेट्रोल पुरतं. वर त्याच खोलीत सेल्फ मोटर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणग्या पाडणारी तीन यंत्रं.

ॲटॉमिक फोरचा कार्बोरेटर अपड्राफ्ट आहे, म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) खाली लटकलेला. हवा आडवी आत शिरते आणि पेट्रोल घेऊन वर चढते. डाउनड्राफ्ट, म्हणजे वर बसवलेला कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर जादा पेट्रोल निदान इंजिनात पडतं. अपड्राफ्टमध्ये ते उलटं, हवेच्या तोंडाकडे, खाली येतं.

ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर ओढणारा पंखा) चालवून, झाकण उघडं ठेवून, खाडीवरचा वारा आत खेळू दिला. मग कार्बोरेटरखाली पांढरा कागद अंथरला आणि इंजिन थोडं चालवून बंद केलं. कागदावर थेंब पडले. ते जोडातून किंवा गॅस्केटमधून येत नव्हते. हवेच्या तोंडाच्या तळाला एक बारीक भोक होतं, त्यात मळकट फेल्टचा बोळा, आणि थेंब त्या बोळ्यातून पाझरत होता. बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, वरच्या अंगालाही एक भोक थेट बाहेर उघडत होतं.

त्या दोन भोकांनी सगळा उलगडा झाला. काकांना जो ट्रॅक्टर-जातीचा कार्बोरेटर घ्यायचा होता, तसाच एक आधीपासून बोटीत बसलेला होता. आधीच्या कुठल्यातरी मालकाने तो लावला असणार. झेनिथचे हे कार्बोरेटर वेल्डिंग सेटला, पंपाला, फोर्कलिफ्टला, ट्रॅक्टरला लागतात. अंगाने सारखे, फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची कडही सारखी. शेतात ते खालचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. फ्लोट (बाऊल भरला की नीडल दाबून पेट्रोल थांबवणारा तरंगता भाग) अडकला, जास्त चोक दिला, की जादा पेट्रोल गळून मातीत जातं, इंजिन ओलं होत नाही. शेतासाठी उत्तम युक्ती आहे. बोटीत त्याच भोकाखाली बिल्ज आहे.

कार्बोरेटर खोलला तेव्हा थेंबाचं तात्कालिक कारणही सापडलं. फ्लोटच्या नीडलच्या टोकाला झिजून कडं पडलं होतं, बाऊलच्या तळाशी पांढरट-हिरवा भुगा होता. थ्रॉटलचा दांडा त्याच्या घरात हलत होता. काका म्हणाले, “म्हणजे नीडल आणि किट बदललं की झालं ना? गळायचं थांबेल.” थांबेल, आज. पण नीडलखाली टाकीतला एक कण अडकायला एक लाट पुरते, आणि त्या दिवशी पेट्रोल पुन्हा त्याच भोकातून तळाला जाणार. बोटीचा कार्बोरेटर निवडताना तो चांगला चालतो का याच्या आधी तो बिघडला तर पेट्रोल कुठे जातं हे विचारायला हवं.

मग धक्क्यावरच्या एका शेजाऱ्याने सुचवलं, भोक बुजवून टाका, एपॉक्सीने. हा सल्ला फार जण देतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. भोक बुजवलं की पेट्रोल हवेच्या तोंडात साचतं. त्या तोंडावर फ्लेम अरेस्टर असतो: धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी, बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाळा इंजिनातून उलटी बाहेर आली, तर तिच्यातली उष्णता शोषून तिला आतच विझवणारी. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसलेल्या, इंजिनाला तो सक्तीचा आहे. पण अरेस्टरच्या मागे पेट्रोलचं डबकं असेल तर बॅकफायरचा धक्का तेच पेट्रोल फवारून बाहेर फेकतो. गळती होती, तिचा फवारा झाला.

अमेरिकन तटरक्षक दलाच्या नियमांत याचं नेमकं उत्तर लिहिलेलं आहे. १९७१ च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टनंतर त्या दशकाच्या उत्तरार्धात पेट्रोल बोटींसाठी इंधन आणि विजेचे नियम आले. त्यातला कार्बोरेटरचा नियम असा: फ्लोटचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, थ्रॉटल अर्धा आहे आणि इंजिन सुरू न होता नुसतं फिरवलं जातंय, अशा अवस्थेत ३० सेकंदांत ५ सीसीहून जास्त पेट्रोल गळता कामा नये. आणि अपड्राफ्ट किंवा आडव्या कार्बोरेटरला आणखी एक व्यवस्था हवी, जी हवेच्या तोंडाकडे आलेलं पेट्रोल धरून ठेवेल, बॅकफायरच्या धक्क्याने ते बाहेर जाऊ देणार नाही आणि इंजिन सुरू झाल्यावर ते परत आत ओढून जाळेल. गोळा करा, धरून ठेवा, परत प्या. तिन्ही हवं. एपॉक्सीने यातलं फक्त पहिलं होतं. हे नियम बोट बनवणाऱ्याला लागू होतात आणि १९६४ ची बोट त्यांच्या आधीची आहे, म्हणून काकांवर कायद्याची सक्ती नव्हती. पण पेट्रोलची वाफ बोटीचं साल विचारत नाही.

मोठा कार्बोरेटर बसवावा का, हाही प्रश्न काकांच्या मनात होता, कारण वर दम लागत होता. इथे आकडेमोड करूनच बोलावं. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा घेतं. घनइंच गुणिले फेऱ्या भागिले ३,४५६, की मिनिटाला किती घनफूट हवा ते मिळतं. ३,४५६ म्हणजे एका घनफुटातले १,७२८ घनइंच दुप्पट करून. ६४.५ गुणिले ३,५०० भागिले ३,४५६ म्हणजे ६५. साइड व्हॉल्व्ह इंजिन पूर्ण भरत नाही, ८० टक्के धरा: ५२ घनफूट. आणि शिडाच्या बोटीत पाण्याखालचा पंखा इंजिनाला ३,५०० पर्यंत जाऊच देत नाही; २,५०० धरल्या तर ३७ घनफूट, म्हणजे मिनिटाला हजारेक लिटर. मूळ मापाचा झेनिथ त्याला भरपूर आहे. मोठ्या घशाचा कार्बोरेटर लावला तर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही, मंद गतीला इंजिन रडतं. बंदरात शिरताना मंद गतीच सगळ्यात महत्त्वाची असते.

हाच हिशेब मोठ्या इंजिनालाही लागतो. जुन्या स्पीडबोटींतलं ३२७ घनइंची व्ही-आठ ४,४०० फेऱ्यांना, ८५ टक्के भरून, ३५४ घनफूट घेतं. त्याला एडलब्रॉक कंपनीचा ६०० घनफुटी मरीन, म्हणजे बोटीसाठीचा, कार्बोरेटर, १४०९ क्रमांकाचा, आरामात पुरतो. ७५० चा १४१० घेऊन काही मिळत नाही. दिसायला गाडीच्याच कार्बोरेटरसारखा, पण बाऊलची वाफ बाहेर न सोडता हवेच्या तोंडातच सोडणारा, म्हणजे बाऊल भरून वाहिला तर पेट्रोल इंजिनाच्या घशात जातं. हा फरक डोळ्यांनी बघूनच घ्यावा.

निर्णय झाला: ॲटॉमिक फोरसाठी विकला जाणारा, मरीन जातीचा नवा झेनिथ. जुना दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, कारण त्याची जातच चुकीची होती आणि दांड्याचं घर वेगळंच झिजलं होतं. नव्यात तीन गोष्टी हातात घेऊन तपासल्या. बाऊलची हवा आतल्या वाटेने येते का, तोंडाच्या तळाला गळतीचं भोक नाही ना, आणि विकणाऱ्याने तो मरीन वापरासाठी आहे हे लेखी दिलंय का. नीडलचं टोक विटॉन या कृत्रिम रबराचं हवं, कारण इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर, जुना कॉर्क त्यात फुगतो. भारतात आता २० टक्क्यांचं पेट्रोल सर्वत्र आलंय. जुनी स्कूटर, जीप किंवा बोट जपणाऱ्यांनी ही बाब अधिकच मनावर घ्यावी.

कार्बोरेटर बदलून काकांचं मिसिंग मात्र गेलं नसतं. इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज लावला तर मंद गतीला काटा जागेवर आणि लिव्हर पुढे ढकलला की एक पीएसआयच्याही (दर चौरस इंचावर एक पौंड दाबाच्याही) खाली. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा पडदा, थकला होता. या पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं आणि एकच डायफ्रॅम असला तर तो फाटताच पेट्रोल त्या भोकातून पुन्हा बिल्जमध्ये, किंवा आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये. म्हणून मरीन डायफ्रॅम पंप असा असावा लागतो की मुख्य पडदा फाटला तरी पेट्रोल बाहेर येणार नाही. मोठ्या इंजिनांना दोन पडद्यांचे पंप मिळतात, मधल्या जागेतून एक पारदर्शक नळी कार्बोरेटरकडे नेलेली. नळीत पेट्रोल दिसलं की पहिला पडदा गेला.

आम्ही इलेक्ट्रिक पंप घेतला, दोन ते चार पीएसआयचा. याहून जास्त दाब असला तर पंपच नीडल उचलतो आणि नवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. पण इलेक्ट्रिक पंपाचा खरा धोका वेगळा आहे. इंजिन अचानक बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तर तो बिनडोकपणे पंपत राहतो, आणि कुठे नळी निसटली असेल तर काही मिनिटांत लिटर-लिटर पेट्रोल तळाला. नियम म्हणतो, इंजिन चालू असताना किंवा सुरू करताना सोडून पंप चालता कामा नये. त्यासाठी ऑइल प्रेशर स्विच: ऑइलचा दाब पडला की पंपाची वीज तुटते. सेल्फ मारताना दाब नसतो, तेव्हा सेल्फच्या सर्किटमधून तात्पुरती वीज मिळते. काकांना ही जोडणी आधी अनावश्यक वाटली. मी चावी चालू ठेवून, इंजिन बंद ठेवून, स्विच वगळून पंपाचा आवाज ऐकवला, मग स्विच जोडून पुन्हा चावी फिरवली. पंप गप्प. “असू दे, हे असू दे,” म्हणाले.

पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा धातूच्या बाऊलचा फिल्टर. बागेतल्या गवतकापणी यंत्राला लावतात तसला काचेचा किंवा प्लॅस्टिकचा फिल्टर बोटीत कधीच लावू नये, आगीत तो पहिल्या मिनिटात जातो. नळी एसएई (अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था) च्या जे-१५२७ मानकाची, त्यावर ‘ए१-१५’ छापलेलं. ‘ए’ म्हणजे अडीच मिनिटं आगीत टिकणारी, ‘१५’ म्हणजे दर चौरस मीटरमागे दिवसाला १५ ग्रॅमहून जास्त पेट्रोल भिंतीतून झिरपू न देणारी. जुन्या नळीला नुसता कोरडा कपडा घासून नाकाजवळ धरला तर वास येत होता. केबिनमधल्या वासाचा एक वाटा तिचाही होता.

आता ठिणगीची बाजू. आधीच्या मालकाने गाडीचा अल्टरनेटर लावला होता, मागून सताड उघडा, ब्रश दिसत होते. तो काढला. मरीन अल्टरनेटरचे ब्रश बंदिस्त असतात आणि त्याच्या अंगावर एसएई जे-११७१ चा उल्लेख असतो. नियमाची कसोटी अशी की भागाभोवती ४.२५ ते ५.२५ टक्के प्रोपेन मिसळलेली हवा असली तरी त्या भागामुळे ती पेटता कामा नये. म्हणजे आत ठिणगी पडली, आत वाफ पेटली, तरी ज्वाळा बाहेर येत नाही. सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, ब्लोअर, बिल्ज पंपाचा स्विच, सगळ्यांना हाच न्याय. डिस्ट्रिब्युटरचा बारीक हवेचा झरोका जाळीने झाकलेला होता, जाळी शाबूत होती, तो तसाच ठेवला. सेल्फची मोटर पुन्हा बांधून घेतली. खाऱ्या हवेत पैसे वाचवायला गाडीचा पार्ट लावायची ओढ सगळ्यांना होते, आणि पितळी क्लॅम्पऐवजी स्टीलचा लावला तर गंज इतकंच नुकसान होईल. अल्टरनेटरच्या बाबतीत तसं नाही, तिथे तडजोड करू नये.

बसवताना फार सांगण्यासारखं काही घडलं नाही. नवं गॅस्केट, दोन स्टड, हाताच्या अंदाजाने समान आवळलेले नट, चोकची केबल पूर्ण उघडते ना हे आरशात पाहणं. फ्लेम अरेस्टर धुऊन, वाळवून परत लावला, आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाच्या) श्वासाची नळी अरेस्टरलाच जोडली, म्हणजे ऑइलची वाफही इंजिनातच जळते. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाला अँटी-सायफन व्हॉल्व्ह टाकला. तो नसेल तर नळी तुटल्यावर टाकी आपोआप रिकामी होऊ शकते.

सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं. त्याची शोषणारी नळी तळाजवळ, पण साचलेल्या पाण्याच्या वर. मग झाकण उघडून नाकाने तपासणं, कारण ब्लोअर वाफ काढतो, सांडलेलं पेट्रोल काढत नाही. इंजिन गरम झाल्यावर मंद गतीचा स्क्रू लावला. तो या झेनिथमध्ये हवा मोजतो, पेट्रोल नव्हे, म्हणून आत फिरवला की मिश्रण जाड होतं. आपल्या जुन्या मोटारसायकलच्या एअर स्क्रूवर हात बसलेला माणूस इथे चुकत नाही; गाडीच्या डाउनड्राफ्टवर शिकलेला हमखास उलटा फिरवतो. दीड फेऱ्यांवरून सुरुवात करून इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे ठेवला.

खाडीच्या बाहेर जाऊन भाराखाली चालवलं. लिव्हर पुढे, फेऱ्या २,२०० च्या वर स्थिर, गेज तीन पीएसआयवर. परत येऊन प्लग काढले तर चारही फिकट बदामी. भाराखाली मिश्रण ठीक आहे याची ती खूण. कार्बोरेटरखाली पुन्हा पांढरा कागद ठेवला, इंजिन दोनदा-तीनदा चालू-बंद केलं. कागद कोरडा.

ट्रॅक्टरचा कार्बोरेटर काकांनी मागवला नाही. बोटीतून निघालेल्याच्या बाऊलवर त्यांनी रंगाने ‘बोटीसाठी नाही’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं आणि तो शेती करणाऱ्या एका ओळखीच्याला दिला. नवा नीडल घातला की त्याच्या पंपाला तो चांगला चालेल.

काम अजून एक शिल्लक आहे. टाकी भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी मूळची दिसते, तिच्यावर काहीच छापलेलं वाचता येत नाही. बोट हिवाळ्यात वर काढली की ती बदलायची, दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प लावून. ॲनापोलिसलाच अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं कार्यालय आहे आणि त्यांचं एच-२४ हे पेट्रोल इंधनव्यवस्थेचं मानक काकांनी आता मिळवलंय. त्यातली कलमं एकेक वाचून ते मला फोन करतात आणि विचारतात, “हे आपण केलंय ना?”